मेलबॉक्सजवळच्या तीन खुर्च्या

मिशिगनमधल्या नोव्हाय गावात आमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना अ‍ॅशची झाडं होती. वसाहत बांधणाऱ्याने सगळी एकाच जातीची लावली होती. घर घेताना मी काय काय बघायचं याची यादी केली होती: शाळा, हायवे, बेसमेंटमधली ओल. झाडं त्यात नव्हती.

ती कशासाठी असतात ते कळलं सासूबाई गेल्यानंतर, सासरे नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले तेव्हा. आम्ही दोघं ऑफिसात, मुलं समर कॅम्पला. घरी आली तरी आजोबांना उत्तर इंग्रजीत. बाबा दिवसभर सोफ्यावर बसून असत, टीव्हीसुद्धा न लावता. मी डब्यात काढून ठेवलेलं जेवण संध्याकाळी तसंच सापडायचं.

मग त्यांना दोघं जण भेटले. समोरच्या घरातले पुण्याचे काका आणि कोपऱ्यावरच्या सोलापूरच्या काकू, दोघंही मुलांकडे आलेले. रोज दुपारी आमच्या मेलबॉक्सजवळच्या झाडाखाली तीन फोल्डिंग खुर्च्या मांडल्या जाऊ लागल्या. मी घरी पोचायचे तेव्हा गाडीच्या काचेतून आधी बाबांचं हसणं ऐकू यायचं. डबा रिकामा असायचा.

झाडांना मात्र आधीच कीड लागली होती. चकचकीत हिरवा भुंगेरा. त्याच्या अळ्या सालीखालचं खातात आणि झाड शेंड्यापासून वाळत येतं. सगळी झाडं एकाच जातीची, त्यामुळे एकही वाचणार नव्हतं. शहराच्या माणसांनी बुंध्यांवर रंगाच्या खुणा केल्या आणि जुलैत एका सकाळी येऊन सगळी कापली. संध्याकाळी रस्त्यावर भुसा होता आणि ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी तिघांनी तिथेच खुर्च्या मांडल्या. डांबर तापलेलं, खुर्चीचे दांडे हाताला चटके देणारे. मी सरबत घेऊन गेले.

"नागपूरच्या माणसाला मिशिगनचं ऊन लागतं का हो?" काकांनी छेडलं.

"आमच्याकडे ऊन असते, पण लोकं सावली बघून बसतात," बाबा म्हणाले. "इथं सावलीच ट्रकात भरून नेली."

काकूंना बीपीचा त्रास. त्या म्हणाल्या, "मी ऊन उतरलं की येत जाईन." पण मिशिगनमध्ये उन्हाळ्यात ऊन उतरायला नऊ वाजतात, आणि तोवर घरोघरी जेवणं होऊन मुलांना झोपवायची घाई. त्या आल्या नाहीत. काका आणखी काही दिवस आले, मग त्यांनाही चक्कर आली आणि सुनेने दुपारी घराबाहेर पडायलाच बंदी घातली.

मी उपाय केले. मोठी छत्री आणली. ती वाऱ्याने उडाली. गॅरेजचं दार उघडून आत खुर्च्या आणि पंखा ठेवला. वसाहतीच्या कमिटीकडून नियमाप्रमाणे दार बंद ठेवण्याची सूचना आली. काकूंना कोपऱ्यावरून गाडीतून घरी आणायचं ठरवलं, पण दुपारी गाडी चालवणारं कोणी घरी नसे. आमच्या पुढच्या खोल्याही आता तापायच्या. एसी बंदच होत नसे, म्हणून पडदे ओढलेले. बाबा त्या अंधारात पुन्हा सोफ्यावर. डबा पुन्हा भरलेला.

ऑगस्टमध्ये एका रविवारी मी पोळ्या करत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"बाई, तिकीट अलीकडचं होते का बघ."

"कंटाळलात का बाबा?"

"कंटाळा तिथंही येईन. पण तिथं दाराबाहेर बसता येते."

तिकीट बदलून मिळालं.

शरद ऋतूत शहराने नवी झाडं लावली. मी बाबांना फोनवर सांगितलं. आपल्या दारातलं काठीएवढं आहे, बादलीने पाणी घालते, म्हटलं.

"कोणतं?"

"मेपल."

"सगळ्यांच्या दारात मेपलच?"

"हो."

 मग बाबांनी विचारलं, "खाली बसण्याइतकं कधी होईन?"

झाड लावणाऱ्याला मी हे आधीच विचारून ठेवलं होतं. "पंधरा वर्षं तरी," मी म्हटलं.

"मग पुढच्या उन्हाळ्याचं तिकीट नको काढू," बाबा म्हणाले, आणि मुलांना फोन द्यायला सांगितलं.