टाक्यांसाठी शिवलेली चुंबळ

पहिल्या बाळंतपणाला मी सेलूला माहेरी होते. बाळ छान होतं, पण टाक्यांमुळे मला बसता येत नव्हतं. आई मला टबभर कोमट पाण्यात बसवायची, तेवढा वेळ बरं वाटायचं. बाळाला पाजायला बसले, की पुन्हा डोळ्यांत पाणी यायचं.

माझे वडील, अण्णा, असल्या विषयावर कधी बोलायचे नाहीत. बाळंतिणीच्या खोलीत यायचे तेही आधी खाकरून. एका दुपारी ते जिनिंगमधून सरकी काढलेला मऊ कापूस घेऊन आले. माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "हिला एक चुंबळ शिवून दे. घागरीखाली असती तशी, पण मोठी."

आईने जुन्या लुगड्यात कापूस भरून मधे पोकळ अशी गोल गादी शिवली. मी तिच्यावर जपून टेकले. टाक्यांवर भारच येईना. बाळ पोटभर प्यालं.

"टोचायलंय का?" अण्णांनी दाराबाहेरूनच विचारलं.

"न्हाई अण्णा, लय बरं वाटायलंय."

"मग बस निवांत," एवढंच ते म्हणाले. बाळ मांडीवरच झोपून गेलं, तरी मी उठले नाही. कितीतरी दिवसांनी मला बसून राहावंसं वाटत होतं.