आगीचा मुलामा

अंबादास हुपरीचा. चांदीकाम हातात घेऊनच तो शारजात आला आणि औद्योगिक क्षेत्रात, गॅरेजांच्या गल्लीत, त्यानं छोटं वर्कशॉप टाकलं. भागीदार होता मुरादाबादचा वासिफ. ठोकणं, जोडणं अंबादासकडे, मुलामा वासिफकडे. दोघांत वर्षानुवर्षं कधी शब्दाला शब्द लागला नव्हता.

दुबईतला राहिल नावाचा व्यापारी त्यांच्याकडे व्हिक्टोरिया राणीच्या काळातली चांदीची भांडी दुरुस्तीला पाठवायचा. एकदा लंडनच्या हॅलम आणि पाइक या भागीदारांनी घडवलेले दुधाचे जग, म्हणजे कानाचे छोटे चंबू, आले. बुडाशी दोघांची आद्याक्षरं एकाच ठशात, आत सोन्याचा मुलामा झिजून गेलेला. विजेवरचा मुलामा संग्राहक लगेच ओळखतात, जुन्या रीतीचाच हवा, असं राहिलनं बजावलं.

जुनी रीत म्हणजे पारा. सोनं पाऱ्यात कालवून भांड्याला लावायचं आणि तापवायचं. पारा उडतो, सोनं उरतं. वासिफचे आजोबा हे काम उघड्या अंगणात करायचे. शारजाच्या जूनमध्ये अंगण कुठलं! मागची खोली, दार बंद आणि एसी चालू. एक्झॉस्ट तरी बसवू, असं अंबादासनं सुचवलं. "दो-चार पीस तो हैं, अंबाभाई," वासिफ म्हणाला. अंबादासनंही विषय वाढवला नाही. जग फारच सुंदर उतरले आणि राहिल आणखी पाठवत राहिला.

थंडीपर्यंत वासिफचं जेवण तुटलं. हिरड्या सुजल्या. एरवी मवाळ असलेला माणूस, पण अंबादास फोनवर बोलायला लागला की आपल्याबद्दलच बोलतोय म्हणून चिडायचा. घरची आठवण येत असेल, असं अंबादासनं धरून चाललं.

एका सुट्टीच्या दिवशी त्यानं वासिफला शेजारच्या अजमानला आपल्या घरी जेवायला नेलं. नंतर त्याच्या बायकोनं, सुलक्षणानं, चहा दिला. वासिफनं कप उचलला आणि तो बशीवर खडखडू लागला. वासिफनं कप खाली ठेवून हात मांडीखाली दडपले. तो गेल्यावर लेक पर्णिका म्हणाली, "बाबा, ही वॉज स्केअर्ड ऑफ द कप."

दुसऱ्या दिवशी अंबादासनं मागच्या खोलीतलं टेबल सरकवलं. फरशीच्या फटीत पाऱ्याचे थेंब चमकत होते. बोट लावताच ते फुटले आणि आणखी आत पळाले.

वासिफ हॉस्पिटलला यायला तयार नव्हता. धंदा एकट्यानं गिळायचा डाव आहे, असं तो ओरडला. अंबादासनं हाताला धरून त्याला गाडीत बसवलं. रक्त दोघांचंही तपासलं. वासिफच्या अंगात पारा भयंकर होता, अंबादासच्याही होता. मग डॉक्टरांनी हळूच विचारलं, "कामाचे कपडे घरी कोण धुतं?"

अंबादासच्या घरचं मशीन एकच होतं. त्याचा शर्ट आणि पर्णिकाचा युनिफॉर्म त्यातच फिरायचे.

मायलेकींचे रिपोर्ट यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात सुलक्षणा त्याच्याशी कामापुरतंच बोलली. चमचा लेकीच्या हातून निसटला तरी दोघं एकदम तिच्याकडे बघायचे. पर्णिका सुटली. सुलक्षणाच्या रक्तात थोडा पारा सापडला. उतरेल, असं डॉक्टर म्हणाले; कधी, ते त्यांनी सांगितलं नाही.

अंबादासनं वर्कशॉप बंद केलं, सफाई कंपनी बोलावून खोलीची फरशी उखडून घेतली आणि राहिलचे उरलेले जग तसेच परत केले. राहिल नाराज झाला नाही. दुसरे कारागीर मिळाले आहेत, म्हणाला. कुठले, ते अंबादासनं पुन्हा पुन्हा विचारलं. राहिलनं विषय बदलला.

वासिफला त्याचा भाऊ मुरादाबादला घेऊन गेला. अंबादास दर शुक्रवारी फोन करतो. गेल्या खेपेला वासिफ बराच वेळ नीट बोलला, तब्येतीची चौकशी केली, सुलक्षणाला सलाम सांगितला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "भाईसाब, अंबाभाई को मत बताना कि मैं यहाँ हूँ."

अंबादास बरं म्हणाला.