वाकडी करंगळी

फोटो हातात आला की आधी तो त्यातल्या माणसाचे डोळे अंगठ्याने झाकायचा. म्हणायचा, "डोळ्याईवर जाऊ नका भाऊ, ते फसवतात. हनुवटी पाहा." मग उजव्या हाताची करंगळी कागदाच्या कडेला टेकवून ब्रश चालवायचा. ती करंगळी जन्मापासून आत वळलेली होती. हात हलू नये म्हणून देवानेच खुंटी ठोकून दिली, असं तो सांगे.

गुडीहत्नूरला बसथांब्यामागे, चहाच्या हॉटेलाला लागून त्याची टपरी होती. जुने फोटो दुरुस्त करायचा, मोठे करून रंगवून द्यायचा. हात निर्मल गावच्या चित्रकारांकडे तयार झालेला. आम्ही त्याला पेंटर म्हणायचो. नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही. तुमच्याही तालुक्यात असा एखादा असेल, ज्याच्या हाताखालून सगळ्या घरांतले मेलेले एकदा तरी गेलेले असतात.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा मला पूर्वज शोधायचं वेड लागलं. आमचं घर बेला गावाकडचं, कापूस-ज्वारीवालं. लग्नाच्या पंगतीत मी म्हाताऱ्यांच्या शेजारी बसून त्यांच्या आज्यांची नावं विचारायचो. म्हातारे जागा बदलून बसायचे.

घरी पणजोबांचा रंगवलेला फोटो होता आणि त्यातलं नाक थेट माझं होतं. पाहुणे आले की मी फोटोखाली एका बाजूला वळून उभा राहून नाक जुळवून दाखवायचो. पेंटरला हे अभिमानाने सांगितलं, तर तो ब्रश धुता धुता म्हणाला, "तुमचंच हाय ते. फोटोतलं नाक वाळवीनं खाल्लं होतं. तुमचे बाबा तुमाले खांद्यावर घेऊन आल्ते. मंग मी तुमचंच लावून देल्लं."

तेव्हापासून मी पाहुण्यांसमोर सरळ उभा राहतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण एकदा काकांचा दाढीचा आरसा माझ्या हातून पडला. बाबा गेल्यापासून घरात शब्द काकांचाच, म्हणून मी घाईने काचा गोळा करू लागलो. आरशाच्या पाठीला पुठ्ठा म्हणून एक फोटो लावला होता. आजोबा खुर्चीवर बसलेले. मागे एक माणूस, त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर. चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग. ब्लेडने खरवडलेला.

मला तर खजिनाच सापडला. आरसा नवा आणला आणि फोटो पेंटरकडे नेला.

त्याने अंगठा पुढे केला, पण झाकायला डोळे नव्हते. मग बराच वेळ खुर्चीवरच्या त्या हाताकडे पाहत राहिला. शेवटी त्याने आपला हात फोटोशेजारी ठेवला. दोन्ही करंगळ्या एकाच बाजूला, एकाच जागी वळलेल्या होत्या. इतकी वर्षं मी त्या करंगळीसमोर बसून चहा प्यायलो होतो.

त्याला मामीने निर्मलला वाढवलं होतं. आई लवकर गेली. बापाबद्दल मामीने एवढंच सांगितलं होतं, की बेल्याकडचा होता आणि बाळंतपण व्हायच्या आधी घरी सांगून येतो म्हणून गेला.

"कोन होता, तेवढं इचारून सांगा भाऊ," पेंटर म्हणाला. "वावर नको मले, हिस्सा नको. फक्त नाव पाह्यजे. इतके बाप रंगवले मी लोकायचे."

वंशावळीला नवी फांदी फुटली म्हणून मी फोटो त्याच्याकडेच ठेवून मोटरसायकल पिटाळत घरी आलो आणि जेवताना सगळं सांगून टाकलं. आरसा, फोटो, करंगळी. काकू भाकरी वाढत होती, तिचा हात मध्येच थांबला. काका मात्र भाकरी मोडत राहिले. एवढंच म्हणाले, "कोनतं दुकान म्हनलं तू?"

मी दुकान सांगितलं. चहाच्या हॉटेलाची खूण सांगितली. तो सकाळी किती लवकर उघडतो, तेही न विचारता सांगितलं.

"आन् त्या मानसाचं नाव काका?"

"सांगतो ना. काऊन घाई करून राह्यला?"

चार-सहा दिवस वाट पाहून मी गुडीहत्नूरला गेलो. टपरीला कुलूप होतं. चहावाल्याने माझ्या हातात एक पुडकं ठेवलं. पेंटर जाताना तुमच्यासाठी देऊन गेला, म्हणाला.

"कुठं गेला?"

"मलेच काय इचारता? तुमचे काका आल्ते ना जीप घेऊन. 'चाल, बापाचं घर दाखवतो,' म्हने. पोरावानी टुनकन बसला."

पुडक्यात तोच फोटो होता. पांढऱ्या डागाच्या जागी आता चेहरा होता. डोळे पेंटरने स्वतःचे दिले होते. मी ते अंगठ्याने झाकले. खाली जी हनुवटी उरली, ती खुर्चीवर बसलेल्या आजोबांची होती.

घरी येऊन काकांना विचारलं. "कोन पेंटर?" ते म्हणाले. मी फोटो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पाहिला, चांगलं काम हाय म्हणाले, आणि स्वतः खिळा ठोकून भिंतीवर लावला. मला वाटलं, विरघळले.

टपरी पुन्हा उघडली नाही. काही दिवसांनी तिथे पानाचं दुकान आलं.

एका सकाळी मी उठलो तेव्हा काका ओसरीवर नव्या आरशात बघून दाढी करत होते. फोटो भिंतीवर जागेवरच होता. चेहऱ्याच्या ठिकाणी पुन्हा पांढरा डाग होता. आणि खुर्चीच्या पाठीवरच्या त्या हाताला या वेळी करंगळी नव्हती.