पटावर नसलेलं मूल

लग्नानंतर दोनच वर्षांत मी चिखलीला वडिलांकडे परत आले. नवरा काविळीनं गेला होता. वडील कचेरीत कारकून. त्यांनी एक दिवस बालसेविकेच्या प्रशिक्षणाचा अर्ज माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “भर.” प्रशिक्षण झालं, साखरखेर्ड्याला देवळाच्या ओसरीत तीन वर्षं बालवाडी चालवली, आणि मग पर्यवेक्षिका म्हणून जळगाव जामोदला नेमणूक झाली. सातपुड्याच्या पायथ्याची गावं माझ्याकडे आली. मी गेले की सेविका उठून उभ्या राहायच्या. ते मला आवडायचं.

त्यातल्या एका गावची सेविका माझ्या आईच्या वयाची होती. तिच्या बालवाडीत पहिल्यांदा तपासणीला गेले, तर पटावर अठ्ठावीस मुलं आणि सतरंजीवर एकोणतीस. पाच वर्षांची एक मुलगी मांडीवर रांगता भाऊ घेऊन बसली होती. आपल्या वाटीतलं दूध ती त्याला पाजत होती.

मी म्हटलं, “तीन वर्षांखालचं मूल चालत नाही. नियम माहीत आहे ना तुम्हाला?”

“माहीत हाय, बाई. पण तिची माय वावरात निंदाले जाते. घरी कोणी नाई. पोरगी त्याले कुठी ठेवन?”

“तो घरच्यांचा प्रश्न आहे. उद्या साहेब आले तर मला विचारतील.”

मी मुलीसमोर वाकले आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, “उद्यापासून एकटीनं यायचं हं.” तिनं मान हलवली. शेऱ्याच्या वहीत मी तसं लिहिलंही.

पुढच्या फेरीला पंधरा-वीस दिवसांनी गेले. सतरंजीवर मुलं ओळीत बसलेली, सगळं नीटनेटकं. ती मुलगी दिसली नाही. विचारलं, तेव्हा सेविकेनं मला ओसरीच्या कडेला नेलं.

“तुमी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी एकटी आली होती. मी म्हटलं, भाऊ कुठी हाय? म्हणे, निजला हाय. गाणं म्हटलं तिनं, दूध पेली. अन् घरी पोरगं जागं झालं, रांगत गेलं, ढोरांच्या हौदात पडलं.”

तिनं पटाची वही आणून माझ्यापुढे धरली. त्या दिवशी मुलीच्या नावापुढे हजेरी होती.

“आता सही करा, बाई,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मी सही केली.

मग मुलीच्या घरी गेले. आई दारात बसली होती. मुलगी भिंतीशी. तिच्या दंडावर काळेनिळे वळ होते. मी कोण ते ऐकल्यावर आई म्हणाली, “हिनं मारून टाकलं माह्या पोराले. त्याले टाकून गाणे गायाले गेली.” मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं, एकटीनं यायला कुणी सांगितलं ते. मी सांगितलं असतं तर तिथंच सगळं उलगडलं असतं. पण मी म्हणाले, “लहान आहे हो, तिला काय कळतं.” आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघाले.

त्या वर्षी माझ्या कामाबद्दल वरून चांगला शेरा आला. मी चढत गेले. जिल्ह्यातल्या बालवाड्या हाताखाली आल्यावर पहिलं काम केलं ते हे, की धाकट्या भावंडांना येऊ द्यावं, प्रत्येक ओसरीत लुगड्याची झोळी बांधावी. साहेबांनी विचारलं, “हे कुठल्या परिपत्रकात आहे?” मी म्हणाले, “कुठल्याच नाही. जबाबदारी माझी.” लोक मला कनवाळू म्हणू लागले. त्यामागचं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या घरी परत जायला मला दहा वर्षं लागली. म्हातारी सेविका वारली होती. मुलीची आई दारात तुरी पाखडत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. नियम, गोड आवाज, वहीतला शेरा.

तिचे हात थांबले. तिनं सूप खाली ठेवलं.

“तवाच काऊन नाई सांगतलं?”

“भ्याले.”

“वर्षभर मारलं मी तिले,” ती म्हणाली. “लय मारलं. तिनं एक शबद काढला नाई तोंडातून. तुमी सांगतलं असतं त नसतं मारलं.”

“कुठं आहे ती?”

“लगन करून देल्ली. मागच्या साली.”

मी गावाचं नाव विचारलं. तिनं सांगितलं नाही. “आता तिच्याकडे जाऊ नका, बाई,” एवढंच म्हणाली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

मी गेले नाही. नोकरी पूर्ण केली.