देवळावरून काढलेली रेघ

भांडुपच्या टेकडीवरच्या आमच्या घरातून समुद्र दिसत नाही. गच्चीवर चढलं तर पूर्वेला खाडीची एक राखाडी पट्टी दिसते, तीही हवा स्वच्छ असेल तर. तरीही मुंबईहून खाली तळकोकणात शिडाच्या होड्या घेऊन जाणारी माणसं मी टाकलेल्या खुणा बघून बंदरात शिरतात, आणि हे सांगताना मी मुळीच लाजत नाही. फुशारकी म्हणायची तर म्हणा. जिने उन्हातान्हात पाय भाजून घेतलेत तिने थोडी मारली तर बिघडलं कुठे?

सुरुवात रागातून झाली. एका रविवारी ऑफिसातल्या दोघी मैत्रिणींना घेऊन मी मनोरीला निघाले होते. फोनमधल्या नकाशाने आम्हाला धक्का म्हणून एका खाजणात नेऊन उभं केलं. समोर तिवरं, खाली चिखल आणि एका मैत्रिणीच्या पायात नव्या चपला. "तुझा नकाशा ना, वाट लावली यार," ती म्हणाली, जणू नकाशा मीच काढला होता. घरी आल्यावर मी चिडून त्या ऑनलाइन नकाशात दुरुस्ती पाठवली. चार दिवसांनी ती मान्य झाली. मी हलवलेली खूण सगळ्या जगाला हललेली दिसत होती! तेवीस वर्षं विम्याच्या ऑफिसात मी फायली हलवल्या, पण त्यातली एकही हललेली कधी कोणाला दिसली नव्हती.

मग मला नादच लागला. रविवार उजाडला की स्कूटर काढायची आणि मार्वे, मढ, गोराई, वर्सोवा असं कुठेतरी जायचं. कोणत्या धक्क्याच्या शेवटच्या पायऱ्या ओहोटीला शेवाळलेल्या असतात, कुठे भरतीला वाळूच उरत नाही, कुठून संध्याकाळी परतणारी शिडं सगळ्यात छान दिसतात, हे सगळं मी लिहायची. पुढे कळलं की शिडाच्या बोटी हाकणाऱ्यांचा एक वेगळा ऑनलाइन नकाशा असतो. नांगर कुठे टाकावा, खडक कुठे आहे, गोडं पाणी कुठे मिळतं, ते जो तो तिथे टाकतो. मी तिथेही घुसले. शीड कसं चढवतात ते मला आजही येत नाही, पण पोहता न येणारी माणसं किनाऱ्यावरून सल्ले देतातच की.

त्या नकाशावर तळकोकणातल्या आमच्या गावची खाडी मात्र कोरी होती. मी गावच्या लोकांना फोन करून विचारत बसले, जुनी पुस्तकं धुंडाळली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. कारण माझे बाबा तेव्हा माझ्या शेजारीच बसून टीव्ही बघत होते.

बाबा तरुणपणी गलबतावर खलाशी होते. कौलं आणि नारळ भरून शिडावर मुंबईला यायचं आणि मीठ-सामान घेऊन परत जायचं. पुढे ट्रक आले, शिडं उतरली आणि बाबा मिलमध्ये लागले. मिल गेल्यावर त्यांनी कांजूरच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमनचं काम केलं. समुद्राबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही. आम्हाला ते गेटवरचे बाबाच माहीत होते.

"बाबा, आपल्या खाडीत होडी कशी आत घ्यायची?" मी सहज विचारलं.

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "कळस आणि खाच," ते म्हणाले. गावामागच्या डोंगराला एक खाच आहे. समुद्रावरून येताना देवळाचा कळस बरोबर त्या खाचेत बसवायचा आणि तसाच बसलेला ठेवून सरळ आत यायचं. खोल पाण्याची वाट तेवढीच. त्या वाटेच्या डाव्या हाताला पाण्याखाली खडक आहे. अर्ध्या भरतीला त्याच्यावर दोन हातही पाणी नसतं आणि लांबून काहीच दिसत नाही. "कळस खाचेच्या उजवीकडे गेलो काय गलबत गेला," बाबा म्हणाले. त्यांच्या तांडेलाने, म्हणजे गलबताच्या म्होरक्याने, त्यांना हे शिकवलं होतं, तांडेलाला त्याच्या बापाने.

मी फोनवर उपग्रहाचं चित्र उघडलं, डोंगरातली खाच शोधली, देऊळ शोधलं आणि दोन्हींवरून पट्टीसारखी सरळ रेघ काढून समुद्रात सोडली. खाली लिहिलं, "अनुभवी खलाशाने सांगितलेली वाट." त्या रेघेला इतके अंगठे आले की मी ऑफिसात पेढे वाटायचे बाकी ठेवले. बाबांना दाखवायला गेले तर ते म्हणाले, "माका त्या फोनात काय दिसतला?" आणि पुन्हा टीव्ही लावला.

थंडीच्या दिवसांत मला मुलुंडच्या एका दाताच्या डॉक्टरांचा निरोप आला. दवाखाना मुलाला देऊन ते आणि त्यांची बायको लहानशा शिडाच्या बोटीतून गोव्याला निघाले होते. "शनिवारी दुपारी तुमच्या रेघेवरून तुमच्या गावच्या खाडीत येतो. रात्री तिथेच नांगर टाकू. खूप आभार." मी तो निरोप सगळ्या नातेवाइकांना पाठवला. गावात राहणाऱ्या चुलतभावाला सांगितलं, पाहुण्यांना शहाळी दे.

शनिवारी जेवणं झाल्यावर मी बाबांना म्हटलं, "तुमच्या वाटेवरून आज बोट येतेय." ते ऐकून मात्र ते सरसावून बसले. चष्मा लावला, वर भिंगही घेतलं आणि म्हणाले, "बघूया खंय ती रेघ."

मी चित्र मोठं करून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"ह्यो रस्तो देवळाक चिकटान कसो? रस्तो पाणंदीच्या पलीकडे आसा."

"बाबा, देऊळ नवीन बांधलं ना. गाड्या लावायला जागा हवी म्हणून रस्त्याच्या बाजूला घेतलं."

"म्हणजे जुन्या जाग्यार नाय बांधला?"

माझ्या पायाखालची वाळू सरकली. आमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार भांडुपच्याच मंडळाने केला. बैठका आमच्या चाळीत झाल्या. वर्गणी बाबांनीही दिली होती, पण गुडघ्यांमुळे ते वर्षानुवर्षं गावी गेलेच नव्हते. मी मात्र गेले होते. कलशारोहणाला मी त्या नव्या देवळात होते, महाप्रसादाला पंक्तीत बसले होते, आणि जुन्या देवळापासून ते साठेक पावलं उत्तरेला सरकलंय हे माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. रेघ काढताना त्यातलं काही म्हणजे काहीच मला आठवलं नाही. देऊळ म्हणजे देऊळ, ते कुठे जाणार?

बाबांनी चित्रावर बोट ठेवलं. त्यांनी अंदाजाने खडकाची जागा दाखवली आणि माझी रेघ बरोबर त्यावरून जात होती.

"बाये, ही रेघ खडकावरसून जाता."

मी डॉक्टरांना फोन लावला. लागला नाही. ते किनाऱ्यापासून दूर होते, तिथे रेंज कुठली? निरोप पाठवला, तो पोचला नाही. नकाशावरची रेघ पुसली, पण त्यांनी ती आधीच उतरवून घेतलेली असणार. घड्याळात दोन वाजले होते. मी रडायला लागले. खरंच सांगते, पन्नाशीची बाई मी, सोफ्यावर बसून हमसून रडले. त्या दोघांना मी माझ्या हाताने खडकावर पाठवत होते.

"रडान काय होतला? चुलतभावाक फोन लाव," बाबा म्हणाले. असा आवाज मी गेटवरच्या बाबांकडून कधी ऐकला नव्हता.

भावाने फोन उचलला. बाबांनी त्याला एकच गोष्ट विचारली. "दीपमाळ हलवलास?"

नाही. जुन्या देवळाची जांभ्याची दीपमाळ होती तिथेच होती. तिला हात लावायला देवाचा कौल मिळाला नव्हता. जुनं देऊळ समुद्राकडे तोंड करून होतं आणि दीपमाळ बरोबर दारासमोर, म्हणजे कळसाच्याच रेघेत. बाबांनी भावाला सांगितलं, घरातलं सगळ्यात भडक कापड घे आणि दीपमाळेच्या टोकाला बांध. आमच्या वहिनीची लाल साडी गेली. मग बाबांनी भरतीची वेळ विचारली, वारा कुठून आहे ते विचारलं आणि फोन मला परत दिला. "आता ते जवळ इले की रेंज येतली. तोवर लावत ऱ्हव."

मी दर दोन मिनिटांनी फोन लावत होते. अडीच झाले. पावणेतीन झाले. तीन वाजायला आले तेव्हा घंटा वाजली आणि डॉक्टरांचा आनंदी आवाज आला, "अहो, तुमचं देऊळ दिसलं! काय सुंदर कळस आहे!"

"पुढे जाऊ नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरची बाई दारात आली. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"डॉक्टर, मी खलाशी बोलतोय. शीड उतरवा आणि थांबा. घाबरू नका."

डॉक्टर थांबले. बाबांनी फोन टेबलावर ठेवायला लावला, आवाज मोठा करायला लावला आणि डोळे मिटून घेतले. पुढची वीस मिनिटं मी जे ऐकलं ते मी जन्मात विसरणार नाही. "देवळाच्या उजवीकडे लाल कापड दिसतं? दुर्बिणीतून बघा. दिसलं? आता डोंगरात खाच बघा. कापड खाचेच्या कुठल्या बाजूला आहे? उजवीकडे? मग तुम्ही अजून उत्तरेला आहात. इंजिन हळू चालू ठेवा आणि दक्षिणेला घ्या. कापड खाचेत बसलं की सांगा."

"बसलं, काका."

"आता सरळ आत या. कापड खाचेतून हलता कामा नये. डाव्या हाताला पाण्याचा रंग बदललेला दिसेल. तिकडे बघा, पण जाऊ नका."

पलीकडे डॉक्टरांची बायको खोलीचे आकडे मोठ्याने वाचत होती. एकदा ती थांबली आणि म्हणाली, "बापरे. तो बघा. तो काळा. अगदी इथेच आहे हो." बाबांनी डोळे उघडले नाहीत. ते म्हणाले, "हां. तोच. तो तुमच्यापासून पाच वाव, म्हणजे तीसेक फूट लांब आहे. आपली वाट सोडू नका."

भांडुपच्या दुसऱ्या मजल्यावर, हातात भिंग तसंच धरून, एक म्हातारा माणूस शेकडो मैलांवरची बोट खाडीत आणत होता. ज्या माणसाला मी गुडघ्याची गोळी घेतली का म्हणून रोज दटावत होते, तो हा. मला त्यांचा फार अभिमान वाटला. आणि इतक्या वर्षांत आपण एकदाही विचारलं नाही, याची लाजही वाटली.

"नांगर पडला," डॉक्टर म्हणाले. "काका, तुमचे पाय कुठे आहेत? नमस्कार करायचाय." बाबा हसले, म्हणाले की पाय भांडुपला आहेत आणि दुखतायत. मग फोन माझ्याकडे दिला.

मी पाणी आणून दिलं. "बाबा, चुकलंच माझं," मी म्हटलं. "देऊळ हललेलं मी बघितलं होतं."

"तू शिडार नाय गेलंस. तुका काय ठावक? खूण मी सांगितलंय. खूण सांगणाऱ्यान ती जाग्यार आसा काय ता आधी बघूचा आसता. मी बघूक नाय." त्यांनी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. "आता लिव."

मी नकाशावर दीपमाळ आणि खाच धरून नवी रेघ काढली. त्यांनी ती भिंगातून दोनदा तपासली. खाली काय लिहायचं ते त्यांनीच सांगितलं आणि मी तसंच टाइप केलं: "पहिली रेघ चुकीची होती. देऊळ हललं आहे, हे न बघता खूण सांगितली गेली. नवी रेघ दीपमाळेवरून आहे. ती एका बोटीने आत येऊन तपासली आहे."

इतक्या दिवसांत मी त्या नकाशावर जे काही टाकलं, त्याखाली माझंच नाव होतं. मी विचारलं, "बाबा, या वेळी तुमचं नाव घालू?"

मला वाटलं, नको म्हणतील.

"घाल," बाबा म्हणाले. "चूक कोणाची ती लोकांका कळाक नको?"