नावांचा कागद

ऑफिसात कुणी संत्रं सोललं की मला अमरावतीच्या कॉलेजातली लॅब आठवते. चार कॉम्प्युटरांनी एकच गणित वाटून घ्यायचं आणि एकमेकांना आकडे पाठवायचे, असा तो विषय. पाठवताना आकडा पूर्णांक की दशांश, हे ठरलेल्या इंग्रजी नावानंच सांगावं लागे, आणि ती लांबलचक नावं कुणाच्या लक्षात राहत नसत. माझ्यासोबत अकोल्याहून बसनं येणाऱ्या मैत्रिणीनं ती सगळी एका कागदावर सुबक उतरवली होती. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत सरांनी तेवढा एक कागद सगळ्यांना मिळून बघू दिला. तो फिरत माझ्याकडे आला तेव्हा मला पहिला नंबर दिसत होता. "कागद तुह्याजवळ हाये का वं?" तिनं मागून विचारलं. "नाही," म्हणत मी तो कीबोर्डखाली सरकवला. तिनं अंदाजानं दशांशाच्या जागी पूर्णांकाचं नाव टाकलं आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर भलतेच आकडे उमटले. वेळ संपली, आणि उठताना मी कीबोर्डखालचा कागद गुपचूप बॅगेत टाकला. विषय राहणार, हे तिला तिथंच कळलं. परतीच्या बसमध्ये तिनं वरूडचं संत्रं सोललं आणि अर्धं मला दिलं. मी बॅगेतून रुमाल काढायला गेले, तर तो कागद तिच्या मांडीवर पडला. तिनं पाहिला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात ठेवला. "राहू दे तुह्याजवळच. मले आता काय कराचा?" आता ती नावं लॅपटॉप आपणच सुचवतो. कागद मात्र अजून आहे. घडीवर तिच्या बोटांचे पिवळे डाग आहेत.