फोटोतला डोंगर

“हे पोरगी निस्ती तारीख मांगाले येते. बोलत काहीच नाई.”

अमरावती कोर्टाच्या व्हरांड्यात वच्छलामावशी शेजारच्या बाईला सांगत होत्या. मावशी म्हणजे आमच्या पक्षकार, निवृत्त अंगणवाडी सेविका. मी त्यांच्या मागेच उभी होते, फाइल छातीशी धरून. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. आणि त्या काही खोटं बोलत नव्हत्या.

ज्युनियर वकिलाचं काम असतंच तेवढं. सिनियर दुसऱ्या कोर्टात अडकले की उठून म्हणायचं, “साहेब, सिनियर बाहेर आहेत, पुढची तारीख मिळावी.” दीड वर्षात मी कोर्टात हे एकच वाक्य बोलले होते. माझी शाळा अकोल्याची, इंग्लिश मीडियम. कोर्टातलं मराठी तोंडात बसत नव्हतं. अकोल्याहून येताना एसटीत मी मनातल्या मनात पूर्ण आर्ग्युमेंट करायची. मूर्तिजापूरपर्यंत छान जमायचं. बडनेरा आलं की एक शब्द आठवायचा नाही.

दावा साधा होता. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका गावात मावशींनी विहाराजवळची आपली जागा अभ्यासिकेसाठी दान दिली. गावातल्या मुली विहारात अभ्यासाला बसतात आणि कार्यक्रम असला की पुस्तकं उचलून उठतात, म्हणून. एका पुढाऱ्याने कोनशिला बसवली. ठेका त्याच्या मेहुण्याला गेला. कागदावर इमारत पूर्ण झाली. जागेवर फक्त कोनशिला आहे, आणि मावशी तिच्याभोवती रोज झाडतात.

आमची मागणी होती : पूर्णत्वाचा दाखला खोटा ठरवा, अभ्यासिका बांधा. त्यासाठी आधी कोर्ट कमिशनर हवा होता. म्हणजे जागेवर जाऊन, काय दिसतं ते लिहून आणणारा, कोर्टाने नेमलेला माणूस. तो अर्ज तीनदा पुढे ढकलला गेला होता. समोरच्यांचं उत्तर एकच, इमारतीचा फोटो रेकॉर्डवर आहे.

त्या दिवशीही सरांचा फोन आला. “मी अकोल्यात अडकलोय. तारीख घे.”

“पण सर, मी बोलू का...”

“तारीख घे, बेटा.”

मी मावशींजवळ जाऊन बसले. “मावशी, आजही...”

“समजलं मले.” त्यांनी फाइलकडे बोट केलं. “थो फोटो हाय ना तुयापाशी? दाखव बरं.”

“तो आपल्या जागेचा नाही, मावशी.”

“नसू दे. पाहू तं दे, कशी दिसते माही खोली.”

त्यांनी चष्मा पुसला. फोटो दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहत राहिल्या. बोट खिडकीवरून हळूच फिरलं.

“मस्त हाय वं. खिडक्या मोठ्या हायेत. पोरीइले उजेड पडते.”

मला त्यांच्याकडे बघवेना.

मग बोट थांबलं. “पन हा डोंगर कोनाचा?”

खोलीमागे डोंगर होता, पातूरकडे असतात तसा. मावशींच्या गावात चहूकडे सपाट काळी जमीन. तो फोटो आठ महिने आमच्या फाइलमध्ये होता. सरांनी पाहिला होता, मीही. पण आम्ही वकील फोटो मागून वाचतो : सही, शिक्का, जावक क्रमांक. समोरून तो फक्त मावशींनी पाहिला, कारण त्यांना खोली हवी होती.

पुकारा झाला. समोरचे वकील उठलेसुद्धा नाहीत. “मॅडमचं नेहमीचंच असेल, साहेब,” म्हणून हसले.

पुढचं आधी सांगून टाकते. कमिशनर नेमला गेला. त्याच्या अहवालात मोकळी जागा आणि एक कोनशिला, एवढंच आलं. दावा अजून चालू आहे. इमारत अजून नाही. मावशी अजून झाडतात. मी मात्र आता कुठलाही फोटो आधी समोरून पाहते.

त्या दिवशी साहेबांनी पुढची तारीख लिहायला पेन उचललं होतं. मागच्या बाकावर मावशी फोटो मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मी तो त्यांच्याकडून घेतला आणि पुढे गेले.

“साहेब, आज तारीख नको,” मी म्हणाले. “हा फोटो एकदा समोरून बघावा. आमच्या गावात डोंगर नाही.”